फ्यूज तारेचा, माणसाचा कोण?

चाळीत जिन्याखाली, वाड्यात दिंडीच्या आतल्या भिंतीवर, गावाकडे ओसरीत, मीटरच्या शेजारी फ्यूजचे चिनी मातीचे किटकॅट बसवलेले असतात. लाईट गेली की घरातलं कुणीतरी स्टूल घेऊन तिथं जातं, किटकॅट ओढून काढतं, जळकी तार खरवडून टाकतं आणि दुसरी गुंडाळतं. ही दुसरी तार कुठून येते, यावर त्या घराचं पुष्कळ काही अवलंबून असतं. बहुतेक वेळा ती जुन्या वायरीच्या तुकड्यातून येते. वरचं प्लॅस्टिक सोलायचं, आतले तांब्याचे पदर हाताला लागतील तितके पिळायचे आणि स्क्रूखाली दाबायचे. घर उजळतं. पुढे वर्षभर फ्यूज जात नाही आणि काम चोख झालं असं सगळ्यांना वाटतं.

पुण्यात नारायण पेठेतल्या एका वाड्याचं वायरिंग बदलत होते, तेव्हा मी तिथल्या वायरमनबरोबर होते. त्यांनी भिंतीवरून उतरवलेले किटकॅट वर्तमानपत्रावर ओळीनं मांडून ठेवले होते. एकातही खरी फ्यूजवायर नव्हती. कुठे चार पदर, कुठे सात, एकात तर वाकवलेली केसाची पिन. "ताई, याला फ्यूज नाही म्हणायचं," ते म्हणाले. "हे नुसते पूल आहेत. करंट इकडून तिकडे जातो, अडवणारं कुणी नाही." वाड्यातल्या आजी बाजूलाच उभ्या होत्या. त्यांनी सांगितलं, पूर्वी इस्त्री लावली की सारखी लाईट जायची, म्हणून यजमानांनी जाड तार घातली होती. त्या तारेखाली त्यांनी तीस-पस्तीस वर्षं काढली. मधल्या माजघरात लाकडी पट्टीवरून जाणाऱ्या रबरी वायरीचं आवरण बोट लावताच भुकटी होऊन खाली पडत होतं.

इस्त्रीनं फ्यूज जात होता, तेव्हा त्या घराला काहीतरी कळत होतं. जाड तार घातल्यावर कळणं बंद झालं. घरच्या विजेबद्दलची बहुतेक गैरसमजूत इथूनच सुरू होते: काळोख हा बिघाड वाटतो आणि काळोख घालवणं ही दुरुस्ती.

*

किटकॅटसाठीची खरी तार कथलाचा मुलामा दिलेल्या तांब्याची असते. ५ अँपिअरसाठी तिचा व्यास ०.२० मिलिमीटर, १५ अँपिअरसाठी ०.५०, ३० साठी ०.८५. आकड्यांतले हे फरक दिसायला किरकोळ आहेत, परिणामाला नाहीत. ब्रिटिश टपाल खात्यातले अभियंते विल्यम प्रीस यांनी १८८० च्या दशकात तारा वितळवून पाहिल्या आणि एक नियम बांधला. त्या नियमानुसार तारेचा व्यास दुप्पट केला की ती वितळायला लागणारा प्रवाह दुप्पट होत नाही, जवळजवळ तिप्पट होतो. अंदाजानं जाड तार घालणाऱ्याच्या मनात हा हिशेब कधीच नसतो. त्यातून खरी १५ अँपिअरची तारसुद्धा १५ ला तुटत नाही. किटकॅटमध्ये ती वितळायला नेमून दिलेल्या प्रवाहाच्या पावणेदोन ते दोन पट प्रवाह लागतो. म्हणजे मुळातच ढिसाळ असलेलं हे संरक्षण आपण आणखी ढिसाळ करतो.

तारेतून वीज वाहिली की तार तापते, आणि उष्णता प्रवाहाच्या वर्गानं वाढते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट. तांबं हजार अंशांच्याही वर वितळतं, पण त्यावरचं पीव्हीसीचं आवरण साधारण ७० अंश सेल्सिअसपर्यंतच दीर्घकाळ टिकावं असं बनवलेलं असतं. आता १ चौरस मिलिमीटरची वायर घेऊ, जुन्या घरांत दिव्यांसाठी सर्रास वापरलेली. भिंतीतल्या पाइपातून तिला दहा-बारा अँपिअर झेपतात. तीच वायर सोलून किटकॅटमध्ये पिळली, तर ती वितळायला शंभरेक अँपिअर लागतील. बारा आणि शंभर यांच्या मधल्या सगळ्या प्रदेशात किटकॅट जागचा हलत नाही आणि भिंतीतलं प्लॅस्टिक आधी मऊ पडतं, मग काळवंडतं, मग पेटतं. अशा घरात सर्वांत नाजूक तार किटकॅटमध्ये राहिलेली नसते. ती माळ्यावरच्या गाद्यांमागे कुठेतरी असते.

एडिसननं आपल्या वीजवाटपाच्या व्यवस्थेसाठी फ्यूजचं पेटंट घेतलं, तेव्हा त्यामागचा विचार साधा होता: सबंध रस्त्यात एक जागा मुद्दाम कमकुवत ठेवायची आणि ती डोळ्यांसमोर ठेवायची. तुटायचंच असेल तर तिथे तुटू दे. मानहाइमच्या ह्यूगो श्टॉट्स यांच्या कारखान्यात १९२४ च्या सुमारास पहिला एमसीबी, म्हणजे आपोआप पडणारा खटका, घडला, त्यात हीच कल्पना दोन भागांत वाटली गेली. आत दोन धातूंची जोडपट्टी असते. वायरीवर थोडा जास्त भार बराच वेळ राहिला की ती तापून वाकते आणि खटका पाडते. शेजारी तारेचं एक वेटोळं असतं. शॉर्ट सर्किट होऊन प्रवाह एकदम उसळला की त्याचं चुंबक होतं आणि सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास खटका पडतो. घरात नेहमी मिळणारा सी प्रकारचा एमसीबी नेमल्या प्रवाहाच्या पाच ते दहा पटींच्या दरम्यान असा तत्काळ पडतो. तार शोधायला नको, गुंडाळायला नको, आणि कुणाला केसाची पिन आत घालता येत नाही.

पण पिनेची जागा आता दुसऱ्या गोष्टीनं घेतली आहे. एसी आणि इंडक्शन एकत्र चालवले की १६ चा एमसीबी पडतो. मग माणूस दुकानात जातो आणि ३२ चा आणतो. तो लगेच बसतो, कारण आकार तोच. भिंतीतली वायर मात्र दीड चौरस मिलिमीटरचीच राहते. नव्या, झकपक फ्लॅटमध्ये मी हे पाहिलं आहे, आणि मला ते वाड्यातल्या पिनेहून जास्त धोक्याचं वाटतं. पिनेकडे पाहून निदान शंका तरी येते. वायर न बदलता मोठा एमसीबी कुणी लावू पाहत असेल, तर त्याला घरातल्या माणसानं तिथेच थांबवावं. वायर आधी, एमसीबी नंतर: दिव्यांना दीड, पॉवरच्या सॉकेटला अडीच, गिझर-एसीला चार चौरस मिलिमीटर, आणि त्या वायरीला जे झेपेल तेवढ्याचाच एमसीबी.

घरच्या घरी करता येणारा हिशेब एकच आहे, आणि तो चौथीतल्या मुलालाही जमेल. उपकरणावर लिहिलेल्या वॅटला २३० नं भागायचं. हजार वॅटची इस्त्री सव्वाचार अँपिअर खाते. दोन हजार वॅटचा गिझर किंवा इंडक्शन पावणेनऊ. लहान, ६ अँपिअरच्या सॉकेटची हद्द साधारण १३८० वॅटला संपते. मोठ्या पिनांचा प्लग लहान सॉकेटमध्ये बसवणारा जो कन्व्हर्टर बाजारात मिळतो, तो ही हद्द ओलांडण्यासाठीच विकला जातो. प्लगच्या पिना दोन मापांच्या केल्या, त्या चुकून सुद्धा जड उपकरण हलक्या वायरीवर जाऊ नये म्हणून.

*

इथपर्यंत जे सांगितलं ते सगळं तारेसाठी. फ्यूज आणि एमसीबी वायर वाचवतात, वायर वाचली की आग टळते, आणि आग टळली की माणूस वाचतो. शॉक बसलेल्या माणसाला मात्र ते वाचवत नाहीत. विजेच्या घरात वाढलेल्या, शिकलेल्या माणसांनाही हे ठाऊक नसतं. "आमच्याकडे एमसीबी आहेत" हे उत्तर मी इतक्या लोकांकडून, इतक्या निर्धास्तपणे ऐकलं आहे, की हा लेख लिहायचं खरं कारण तेच.

हिशेब पुन्हा साधाच आहे. ओल्या हातापायांच्या माणसाच्या शरीराचा विरोध एक हजार ओहमच्या आसपास धरतात. २३० व्होल्टला त्याच्यातून ०.२३ अँपिअर जातील. एवढा प्रवाह पन्नास-पंचावन्न वॅटचा बल्ब घेतो. १६ अँपिअरच्या एमसीबीला घरात एक जास्तीचा बल्ब लागल्याचं जेवढं कळेल, तेवढंच माणूस चिकटल्याचं कळतं. खटका पडत नाही. पडण्याचं त्याला कारणच नाही.

माणसाला किती प्रवाह पुरतो? बर्कलीच्या चार्ल्स डाल्झील या प्राध्यापकांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर स्वयंसेवकांच्या हातात तार देऊन हे मोजलं. हात सोडवता न येण्याची वेळ पुरुषांत सरासरी १६ मिलिअँपिअरला आली, स्त्रियांत साडेदहाला. म्हणजे अँपिअरचा शंभरावा भाग. स्नायू आखडतात, मूठ आवळली जाते, आणि ज्या तारेपासून दूर जायचं तीच घट्ट धरली जाते. त्याच्या काही पट प्रवाह छातीतून गेला तर हृदयाचे ठोके ताल सोडून नुसते थरथरू लागतात. ते आपोआप पुन्हा तालावर येत नाहीत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत अलीकडच्या काही वर्षांत विजेच्या धक्क्यानं झालेले मृत्यू दर वर्षी बारा हजारांच्या वर नोंदलेले आहेत. म्हणजे रोज तीसहून अधिक माणसं.

माणसाचं पहिलं संरक्षण अर्थिंग. प्लगची वरची, जाड आणि लांब पिन त्यासाठी असते. लांब अशासाठी, की प्लग खुपसताना ती सगळ्यांत आधी टेकावी आणि काढताना सगळ्यांत शेवटी सुटावी. जाड अशासाठी, की ती चुकून फेजच्या भोकात जाऊ नये. फ्रिजच्या, गिझरच्या, कूलरच्या आत फेजची वायर सोलली आणि पत्र्याला टेकली, तर विजेला माणसाच्या आधी या पिनेतून जमिनीत जायला वाट मिळावी, आणि त्या वाटेनं इतका प्रवाह जावा की फ्यूज उडावा, अशी ही योजना. इथे मात्र फ्यूज माणसाच्या कामी येतो, पण अर्थिंग चांगलं असेल तरच.

आणि चांगलं म्हणजे किती? खड्ड्यात तांब्याची किंवा जस्ताळलेल्या लोखंडाची प्लेट पुरतात, भोवती कोळसा आणि मीठ भरतात, वर नळी ठेवतात. जमिनीनं साथ दिली तर ठीक. पण महाराष्ट्राची जमीन एकसारखी साथ देणारी नाही. काळी माती ओली असताना वीज छान शोषते आणि एप्रिल-मेमध्ये भेगाळली की तिच्यात अन् प्लेटमध्ये फट पडते. मुरूम आणि त्याखालचा काळा पाषाण वर्षाचा बराच काळ कोरडा. कोकणातला जांभा पावसाळ्यात बरा, शिमग्यानंतर अवघड. समजा, अर्थिंगच्या खड्ड्याचा विरोध ५० ओहम झाला. उन्हाळ्यात, खडकाळ जागी, पाणी न घातलेल्या खड्ड्याला हे अशक्य नाही. मग गिझरच्या पत्र्याला फेज टेकली तरी जमिनीत जेमतेम साडेचार अँपिअर जातील. १६ चा फ्यूज त्याकडे ढुंकून बघणार नाही, आणि पत्रा दिवसभर जिवंत राहील.

वायरमनच्या पिशवीत टेस्ट लॅम्प असतो: होल्डर, शंभर वॅटचा बल्ब, दोन मोकळ्या वायरी. फेज आणि अर्थिंग यांच्यात बल्ब झक्क पेटला की "अर्थिंग एकदम ओके" असं सांगून ते निघतात. त्यांच्या मनात खोट नसते, ही त्यांना शिकवलेली परीक्षा आहे. पण शंभर वॅटच्या बल्बाचा स्वतःचा विरोध पेटलेला असताना सव्वापाचशे ओहमहून थोडा जास्त असतो. त्याच्या रांगेत ५० ओहमचं वाईट अर्थिंग आलं, तर बल्बाच्या उजेडात डोळ्यांना धड ओळखू येईल एवढाही फरक पडत नाही. नापास झालेलं अर्थिंग अशा रीतीनं घरोघर पास होतं. विरोध मोजायला अर्थ टेस्टर लागतो. तो ठेकेदारांकडे असतो आणि आग्रह धरला तर ते घेऊन येतात.

*

ही उणीव भरून काढणारं उपकरण खाणींतून आलं. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींसाठी १९५० च्या दशकात हेन्री रुबिन यांनी, आणि पुढे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत डाल्झील यांनीच, गळती ओळखून वीज तोडणारी साधनं घडवली. आज त्याला आरसीसीबी म्हणतात. जुने वायरमन ईएलसीबीच म्हणतात. त्याचं काम मोजणीचं आहे. फेजमधून जेवढी वीज घरात गेली तेवढीच न्यूट्रलमधून परत आली पाहिजे. दोन्ही वायरी एकाच लोखंडी कड्यातून नेलेल्या असतात. जाणारा आणि येणारा प्रवाह सारखे असले की त्यांचं चुंबकत्व एकमेकांना खोडून काढतं. ३० मिलिअँपिअर कमी परतले, म्हणजे ते कुठेतरी पत्र्यातून, ओल्या भिंतीतून किंवा कुणाच्या अंगातून जमिनीत गेले. आरसीसीबी तेवढ्यावर पडतो. अंगातून जाणारा प्रवाह दीडशे मिलिअँपिअरच्या घरात गेला तर ४० मिलिसेकंदांच्या आत, हृदय बिघडायला लागतो त्याहून कमी वेळात.

त्यालाही मर्यादा आहेत. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरलेला माणूस त्याला ओळखू येत नाही. गेली तेवढी परत आली, हिशेब जुळला. जास्त भार किंवा शॉर्ट सर्किट तो सहन करत बसतो, म्हणून एमसीबी त्याच्या जोडीला हवाच. आणि त्याच्यावरचं टेस्टचं बटण महिन्या-दोन महिन्यांतून एकदा दाबायचं असतं, नाहीतर आतली यंत्रणा बसल्या जागी अडकते. माझ्या ओळखीच्या घरांत हे बटण कशासाठी आहे हे माहीत असलेली माणसं फार थोडी भेटली.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा नियमांनी गळतीपासून संरक्षण देणारं साधन बंधनकारक केलं होतं, पण पाच किलोवॅटच्या आतल्या छोट्या जोडण्यांना त्यातून वगळलं होतं. हे वगळणं मला कधीच पटलं नाही. पाच किलोवॅटच्या आतलं घर म्हणजे पत्र्याची खोली, दोन बल्ब, एक पंखा, एक हीटरची कांडी, ओली मोरी आणि अर्थिंगचा पत्ता नाही. ज्यांना हे उपकरण सगळ्यांत जास्त हवं, तीच ही घरं. पत्र्याच्या घराच्या वाशाला बांधलेल्या लोखंडी तारेवर कपडे वाळत घालतात. पावसाळ्यात खांबावरून घरात येणारी वायर त्या पत्र्यावर घासून सोलते आणि ओला कपडा टाकायला गेलेली बाई चिकटते. तिला सोडवायला धावलेला मुलगा किंवा नवरा तिच्यासोबत जातो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत ही बातमी जिल्हा पानांवर पुन्हा पुन्हा येते. कपड्यांसाठी नायलॉनची दोरी वापरली तर ती बातमी टळते, इतकी ती टाळण्यासारखी आहे.

खेड्यात हाच प्रश्न डीपीपासून सुरू होतो. ट्रान्सफॉर्मरखालच्या पेटीला बऱ्याच ठिकाणी दार राहिलेलं नसतं. आतल्या किटकॅटमध्ये फ्यूजवायरऐवजी ॲल्युमिनियमचे जाड पदर पिळलेले असतात, कारण मोटारींचा भार वाढला की खरी तार उडते आणि रात्री-अपरात्री पिकाला पाणी द्यायचं असतं. लाइनमनकडे गावं पुष्कळ, म्हणून कुणीतरी हाताखालचा 'झिरो वायरमन' येतो, नाहीतर शेतकरी स्वतः काठी घेऊन डीपीवर जातो. वादळात तार तुटून शेतात पडली तर पुरेसा प्रवाह जमिनीत जात नाही. कोरड्या जमिनीचा विरोध मोठा आणि पेटीतला फ्यूज जाडजूड. तार जिवंत पडून राहते आणि सकाळी बैल किंवा माणूस तिच्यावर पाय ठेवतो. यात शेतकऱ्याला दोष देणं मला जमत नाही. आठ तास मिळणारी वीज त्यानं गमवायची कशी? पेट्यांना दारं आणि त्यांत योग्य फ्यूज हे वीज कंपनीचं काम आहे, आणि तुटलेली तार दिसली तर १९१२ या क्रमांकावर कळवून ती उचलली जाईपर्यंत तिच्यापासून लांब उभं राहणं हे आपलं.

*

आगीची बातमी आली की "शॉर्ट सर्किटमुळे" असं लिहून ती संपते. खऱ्या शॉर्ट सर्किटला तर एमसीबी सर्वांत चटकन पडतो. आग लावण्यात त्याहून चिवट असतो तो सैल जोड. सॉकेटचा स्क्रू ढिला, दोन वायरी नुसत्या पिळून टेप मारलेल्या, ७०-८० च्या दशकांतल्या घरांत घातलेली ॲल्युमिनियमची वायर, जी स्क्रूखाली वर्षानुवर्षं दबत जाऊन सैल होते. अशा जोडात प्रवाह नेहमीचाच असतो, म्हणून एमसीबीला काही दिसत नाही. गळतीही नसते, म्हणून आरसीसीबीला काही दिसत नाही. तेवढ्या ठिपक्याएवढ्या जागी मात्र उष्णता साठत जाते. ही गोष्ट ओळखणारं यंत्र आपल्याकडच्या घरात सहसा नसतं, घरातली माणसंच ती ओळखतात. बटण दाबताना हाताला कोमट लागणारी पट्टी, तपकिरी पडलेली प्लगची पिन, मिक्सर लावला की लुकलुकणारा दिवा, बोर्डाजवळ मासळीसारखा किंवा जळक्या प्लॅस्टिकचा वास. यांतलं काहीही दिसलं की ते सॉकेट त्या दिवसापासून बंद.

दिवाळीत सैल जोडांचा हंगाम असतो. एलईडीच्या माळा फार थोडी वीज घेतात, भाराचं भय त्यांच्यापासून नाही. भय असतं ते जोडण्याच्या पद्धतीचं. माळेला प्लग नसला की वायरीची दोन टोकं सॉकेटच्या भोकांत खुपसून त्यांत काड्यापेटीच्या काड्या ठोकतात. गॅलरीतून आकाशकंदिलाला नेलेली वायर लोखंडी गजाला बांधतात, आणि दिवाळीत हमखास येणाऱ्या पावसाच्या सरीत ती भिजते. एका एक्स्टेंशन बोर्डात दुसरा, दुसऱ्यात तिसरा. आकाशकंदिलाच्या होल्डरला पक्की, अखंड वायर आणि तिच्या टोकाला प्लग, एवढं एका संध्याकाळी घरी होतं. गज आणि वायर यांच्यामध्ये दोरीचं वेटोळं घालायला दोन मिनिटं लागतात.

आणखी एक धोका जुन्या घरांतला, आणि तो फारसा सांगितला जात नाही. कितीतरी जुन्या फळ्यांवर फेज आणि न्यूट्रल दोन्हींना किटकॅट असतो. १९५६ च्या विद्युत नियमांनी न्यूट्रलमध्ये एकटा फ्यूज ठेवायला मनाई केली, पण फळ्या तशाच राहिल्या. न्यूट्रलचा फ्यूज आधी उडाला तर घर अंधारतं, पंखे थांबतात, सगळं मेलेलं वाटतं, आणि फेज होल्डरपर्यंत जशीच्या तशी जिवंत असते. माणूस निर्धास्तपणे बल्बाच्या होल्डरमध्ये बोट घालतो. फळी जुनी असेल, तर फक्त न्यूट्रलच्या किटकॅटच्या जागी वायरमनकडून पक्की तांब्याची पट्टी बसवून घ्यावी. जाड तांब्याला तिथे, आणि तिथेच, जागा आहे. इन्व्हर्टर असलेल्या घरात मेन स्विच पाडला तरी काही बोर्ड जिवंत राहतात, हेही बोर्ड उघडणाऱ्याला आधी सांगायला हवं.

*

मेच्या महिन्यात मी अकोल्यात होते. विदर्भात आणि खानदेशात उन्हाळा म्हणजे कूलर: पत्र्याची पेटी, वाळ्याच्या ताट्या, खाली पाण्याची टाकी, त्यात बुडवलेला छोटा पंप, आणि हे सगळं ओल्या फरशीवर, अनवाणी माणसांच्या घरात. जिथे राहिले होते तिथल्या वहिनींनी पहिल्याच दिवशी मला बजावलं, "कूलरले हात लावू नका बरं, थोडा करंट मारते." घरातल्या मुलांना चप्पल घालून पाणी भरायची सवय लावली होती. कूलरच्या प्लगची तिसरी पिन कापून टाकलेली होती, कारण भिंतीतलं सॉकेट दोन भोकांचं. थोडा करंट मारणारा कूलर म्हणजे ज्याचा पत्रा आधीच जिवंत झाला आहे असा कूलर. त्या दिवशी फरशी थोडी कोरडी होती, चपला थोड्या जाड होत्या, एवढ्यावर तो 'थोडा' राहिला होता.

मी आग्रह धरला आणि आयटीआयचा वायरमनचा कोर्स केलेला, परवानाधारक मुलगा आला. त्यानं मेन स्विचनंतर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला. उपकरण आणि मजुरी मिळून खर्च काही हजारांचा, कूलरच्या किमतीहून पुष्कळ कमी. मेन चालू केला आणि कूलरचं बटण दाबताच घर बंद. पुन्हा चालू केला, पुन्हा बंद. घरातले वैतागले. उन्हाचा पारा पंचेचाळीसच्या पुढे. वहिनींचे सासरे म्हणाले, "काढून टाक ना बाबू ते, कालपरेंत तं सारं चालूच होतं."

अशा वेळी पुष्कळ घरांत तो आरसीसीबी बायपास होतो आणि नावाला भिंतीवर राहतो. हा मुलगा खाली बसला. त्यानं आधी पंपाची वायर सोडवली आणि नुसता पंखा लावला: चालला. मग पंप लावला: घर बंद. पंप टाकीतून बाहेर काढला. वायर पंपात शिरते तिथलं रबर तडकलं होतं आणि फेज दोन उन्हाळे पाण्याला टेकून होती. "आजोबा, हा बंद पाडत नव्हता, हा दाखवत होता," तो म्हणाला. त्यानं बाजारातून नवा पंप आणला, कूलरला तीन पिनांचा प्लग लावला, कूलरच्या जुन्या सॉकेटच्या जागी तीन भोकांचं बसवून अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत हिरवी वायर ओढली आणि खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतायला लावलं. उन्हाळाभर आठवड्यातून दोनदा ओता, असं सांगितलं. जुन्या पंपाची वायर त्यानं कापून घेतली, कुणी तो पुन्हा वापरू नये म्हणून. मग त्यानं वहिनींना बोलावून टेस्टचं बटण दाबायला लावलं. खटका पडला, पंखा थांबला. त्यानं तो वर करून दाखवला आणि वहिनींकडून दोनदा करून घेतला. पत्र्याला टेस्टर लावून पाहिला, दिवा लागला नाही, आणि तो शेजारच्यांचा कूलर बघायला गेला, कारण एवढ्यात शेजारच्या काकू कुंपणापाशी येऊन त्यांच्याकडचाही थोडा मारतो म्हणून सांगत होत्या.